बुधा काय म्हणाला

बुधा आमच्या घरी आला तेव्हा तो पोपट आहे हे माझ्या सासूबाई सोडून कुणालाच पटत नव्हतं. विहितगावात आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता रुंद करायला घेतला होता. कडेचा जुना शिरीष पाडला आणि त्याच्या एका फांदीच्या ढोलीतून हे पिल्लू बाहेर पडलं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, गुलाबी सुरकुतलेली कातडी आणि सगळ्या देहापेक्षा मोठं डोकं. माझा नवरा रवी म्हणाला, "आई, हे वटवाघळाचं वगैरे असेल. ठेव तिथंच."

"वटवाघळाला असली चोच असती व्हय?" सासूबाईंनी पदराचा द्रोण करून पिल्लू उचललं. "पोपटाचं पोर हाय. सायखेड्याला आमच्या मळ्यात ढिगानं असायचे."

सासूबाईंचं नाव विठाबाई पगारे. माहेर गोदाकाठचं सायखेडा. लग्न होऊन इकडे आल्याला जन्म लोटला तरी त्यांचं बोलणं तिकडचंच राहिलं. सासरे गेल्यापासून दिवसभर घरात त्या एकट्याच. रवीची एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळी असते आणि मी नाशिकरोडच्या शाळेत गणित शिकवते. त्यामुळे ते पिल्लू जगलं ते सर्वस्वी त्यांच्या हातून. बुटांच्या खोक्यात कापूस, वर पिवळा दिवा, आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ मऊ वाटून ड्रॉपरनं भरवायची. त्या भरवत असताना पिल्लू मान अशी वरखाली हलवायचं, जणू त्यांचं प्रत्येक म्हणणं त्याला मान्य आहे.

बुधवारी सापडला म्हणून नाव बुधा.

जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. पंख भरले की सोडून द्यायचा." तोवर एका शेजाऱ्यानं हौसेनं पिंजरा आणून दिलाच होता. सासूबाईंनी तो मोरीजवळ टांगला आणि त्यात कांदे ठेवले. "वारा चांगला लागतो, सडत नायत," म्हणाल्या.

पंख भरल्यावर त्यांनी एका सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बुधा आधी डब्यांच्या फळीवर बसला, मग गजावर, आणि मग किंचाळत जो उडाला तो दिसेनासा झाला. सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. दिवेलागणीला मी कुकर लावत होते, तर मागून शिट्टी ऐकू आली. कुकर तर अजून गॅसवर चढायचा होता. वळून पाहिलं तर बुधा नळावर बसून शिट्टी घालत होता.

तेव्हापासून तो आपल्या मर्जीनं जायचा आणि यायचा. घर मात्र त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतलं. टीव्हीच्या रिमोटची रबरी बटणं खाल्ली. रवीच्या चष्म्याची एक काडी सोलली. रवी रात्रपाळी करून झोपला की हा पलंगाच्या काठावर बसून हुबेहूब सासूबाईंच्या आवाजात ओरडायचा, "रवी, ऊठ! लय उशीर झाला!" आणि रवी धडपडत उठून अंघोळीला जायचा. दारात कुणीही आलं की "जय भीम!" दूधवाला, वीजबिलवाला, सगळ्यांना. दूधवाला आधी बावचळायचा, मग तोही "जय भीम बुधाशेठ" म्हणून पुढे जाऊ लागला. ताटलीत पाणी ठेवलं की बुधाची अंघोळ, आणि तो अंघोळ करून उठला की भिंत, ओटा, कॅलेंडर, मी, सगळेच ओले.

हिरवी मिरची बियांसकट खायचा. द्राक्षाच्या दिवसांत एक द्राक्ष पायात धरून ऐटीत सोलायचा, निम्मं खायचा आणि निम्मं सासूबाईंच्या डोक्यावरच्या पदरात टाकायचा. त्याच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी उमटली त्या दिवशी सासूबाईंनी सगळ्या कॉलनीत सांगितलं, "बुधा वयात आला."

सगळ्यात आधी सांगितलं ते वेणूताईंना.

वेणूताई आहेर आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. सासूबाई आणि त्या रोज सकाळी मिळून फिरायला जात. एकीच्या घरी काही तळलं की वाटी दुसरीकडे जायची. दोघींचं अगंतुगं होतं, आणि भांडणंही व्हायची, पण ती संध्याकाळपर्यंत टिकत नसत.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमारास बुधा जास्त वेळ बाहेर राहायला लागला. सकाळी शेंगदाणे खाऊन जायचा तो दुपार कलली की यायचा, आणि आल्यावर पोट भरलेलं असायचं. आणि त्याच्या बोलण्यात काही नवीन आलं. एकदा सासूबाई भाकरी थापत होत्या, भाकरी टम्म फुगली, आणि मागून आवाज आला, "वा! वा!"

सासूबाई खूश. "बघ, कुणाला तरी कदर हाय."

पण दोन दिवसांनी तो "वा, मोने!" म्हणायला लागला. बराच गोड, लांबवलेला आवाज. "वाऽऽ मोनेऽऽ!"

"मोने कोण?" रवीनं विचारलं.

आमच्या कॉलनीत पगारे होते, आहेर होते, गांगुर्डे होते. मोने कुणीही नव्हतं. रवीनं अंदाज बांधला की जवळपास कुठेतरी मोने नावाचे गाणारे गृहस्थ असावेत, त्यांना कुणी दाद देत असावं आणि बुधा ते ऐकत असावा. सासूबाईंना ते पटलं. "गाणं ऐकायला जातो तो," त्या वेणूताईंना कौतुकानं सांगत. तो अभिमान आठवडाभर टिकला असेल.

मग गच्चीवरचा तो प्रकार झाला.

कुरडया करायचे दिवस होते. कॉलनीतल्या बायका आमच्या गच्चीवर जमल्या होत्या. चिक शिजवून वर आणला होता, प्लास्टिकचे कागद पसरले होते, आणि ऊन तापायच्या आत सगळं उरकायचं म्हणून घाई चालली होती. आता त्यात मागची एक कुरबुर होती. थोड्याच दिवसांपूर्वी सासूबाईंना आपल्या पितळी सोऱ्याची चकती सापडत नव्हती, आणि त्यांनी वेणूताईंना विचारलं होतं, "तुझ्याकडं राहिली का गं मागच्या साली?" वेणूताईंनी नाही म्हटलं, घर धुंडाळलं, आणि चकती शेवटी आमच्याच तांदळाच्या डब्यात निघाली. विषय मिटला होता, पण वेणूताईंच्या मनात थोडा राहिला होता.

कुरडया निम्म्या घालून झाल्या असतील, तोच बुधा आला आणि टाकीवर बसला. बायकांनी "आला गं बाई, जय भीम!" म्हणून त्याचं स्वागत केलं. त्यानं मान तिरकी केली, डोळे लहानमोठे केले आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"चोर वेणो! चोर वेणो!"

 मग कुसाबाई गांगुर्डे फसकन हसल्या, आणि एक हसली की सगळ्याच हसल्या. वेणूताईंच्या हातातला सोऱ्या तसाच थांबला. कागदावर चिकाचा एक जाड गोळा पडत राहिला.

"वेणो," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ मला लहानपणी चिडवताना वेणो म्हणायचा. हे मी फक्त तुला सांगितलं होतं, विठा."

"अगं, मी नाय गं शिकवलं! मी कशाला..."

"चकतीवरून अजून राग आहे ना तुझ्या मनात? मग तोंडावर बोलायचं होतंस. पक्ष्याच्या तोंडून कशाला?"

"चोर वेणो?" बुधानं पुन्हा विचारलं, अगदी प्रेमानं.

वेणूताईंनी सोऱ्या खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चपला घालून फाटकाशी उभ्या राहिल्या. वेणूताई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी चपला घातल्याच नाहीत. भिंतीवरून वाट्या यायच्या बंद झाल्या. त्यांनी दोनदा समजूत घालायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा वेणूताईंनी दारातूनच "मला काम आहे" म्हटलं.

मग सासूबाईंनी बुधालाच सुधारायचं ठरवलं. शेंगदाणा बोटांत धरून त्याच्यासमोर बसायच्या. "म्हण, वेणू चांगली. वेणू चांगली. म्हण ना रे."

बुधा एकाग्रतेनं ऐकायचा, बुबुळं बारीक करायचा.

"वेणू... चांगली..."

"वा, मोने!" बुधा म्हणायचा आणि शेंगदाणा हिसकायचा.

"याच्या मोनेला आग लागो," सासूबाई म्हणायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या चिडल्या होत्या, पण त्याहून जास्त त्यांना करमत नव्हतं. दिवसातून दहा वेळा भिंतीकडे बघायच्या.

एका संध्याकाळी मी शाळेतून येत होते. वेणूताई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी मान खाली घालून पुढे जाणार, तोच त्यांनीच हाक मारली.

"संजना, तुझ्या सासूला एक सांग. शिकवायचंच होतं तर उच्चार तरी नीट शिकवायचा. तुझा पोपट चोर म्हणताना चहातला च काढतो. चोर म्हणताना चाकातला च येतो, एवढं पहिलीतल्या पोरालाही कळतं. कानाला नुसतं टोचतं ते."

मी तिथंच थांबले. "ताई, आमच्या आई चोर कसं म्हणतात?"

"चाकातला च. म्हणजे बरोबरच म्हणते ती, बोलते गावाकडचं पण..." त्या बोलता बोलता थांबल्या. झारीतलं पाणी कुंडीतून वाहून त्यांच्या पायावर यायला लागलं. "चहातला च विठाच्या तोंडून कसा येईल?"

"तेच तर म्हणते मी."

"मग हे मराठी माणसानं शिकवलेलंच नाही." त्यांनी झारी खाली ठेवली. चाळीस पोरांचा गोंधळ गप्प करणारा त्यांचा जुना आवाज परत आला. "हिंदी बोलणारं घर असेल. इथून जवळ... कॅम्प! देवळाली कॅम्पात देशभरातली माणसं राहतात. पण मग त्यांना माझं नाव कसं माहीत?"

या प्रश्नानं त्या इतक्या अस्वस्थ झाल्या की चपला न घालताच आमच्या घरात आल्या. सासूबाई लसूण सोलत होत्या. 

"विठा, तू शिकवलं नाहीस," वेणूताई म्हणाल्या.

"ते मी पहिल्या दिवसापास्नं सांगते हाय."

"हो. चुकलं माझं. आता ऊठ, आपल्याला तो माणूस शोधायचा आहे."

"कुठला माणूस?"

"जो मला चोर म्हणतो तो!"

रविवारी सकाळी आम्ही तिघी मल्हारीच्या रिक्षात बसून कॉलनीच्या तोंडाशी वाट बघत होतो. मल्हारी आमच्याच कॉलनीतला. त्याला मोहीम समजावून सांगितल्यावर तो जरा वेळ डोकं खाजवत राहिला. "म्हणजे पोपटाचा पाठलाग करायचा?"

"हो," वेणूताई म्हणाल्या, "आणि गाडी चालू ठेव."

रवी खिडकीत उभा होता. त्यानं हात केला आणि बुधा घरातून बाहेर पडला. मल्हारीनं क्लच सोडला. लॅम रोडच्या कडेच्या झाडांवरून तो हिरवा बाण सरळ कॅम्पच्या दिशेनं निघाला. सासूबाई एका बाजूनं डोकं बाहेर काढून ओरडत होत्या, "डावीकडं! डावीकडं हाय!" वेणूताई दुसऱ्या बाजूनं, "झाडाआड गेला! थांबू नकोस!" मागून येणाऱ्या बसवाल्यानं हॉर्न दिला तर सासूबाईंनी त्यालाच हात दाखवला. मी मधे बसून दोघींचे पदर धरले होते. किती दिवसांनी त्या एका आवाजात बोलत होत्या! बुधा सापडला नाही तरी रिक्षाचं भाडं वसूल झालं, असं मला वाटून गेलं.

आणि खरंच तो सापडला नाही. पुढे एका वळणावर पोपटांचा अख्खा थवा उडाला आणि त्यात आमचा कुठला ते कळेना. तरी मल्हारी कॅम्पच्या बाजारापर्यंत गेला. बाजारात फौजी घरांतल्या बायकांची भाजीखरेदी चालली होती, चार-पाच भाषा कानांवर पडत होत्या. एका फळवाल्यापाशी उतरून वेणूताईंनी सरळ विचारलं, "इथे मोने कुठे राहतात?"

"मोने?" फळवाला विचारात पडला. "मोने नावाचं तर कुणी नाही. पण एक अम्मा रोज पेरू नेते, मोने-मोने करत. पोपटासाठी. त्या बोळात शेवटचं घर. तिला हिंदी येत नाही बरं का, बोटानंच सांगते सगळं."

आम्ही बोळात शिरलो. शेवटचं घर म्हणजे दोन भाड्याच्या खोल्या, पुढे लहानसं अंगण, बाजूला एक थोरला आंबा. फाटकाशी पोचायच्या आधीच आवाज आला, तोच लांबवलेला, गोड आवाज.

"वाऽऽ मोनेऽऽ! वा!"

अंगणात पायरीवर एक म्हातारी बसली होती. सासूबाईंच्याच वयाची, पांढरं काठाचं नेसलेली, ओले केस पाठीवर मोकळे. तिच्या मनगटावर आमचा बुधा बसला होता. समोर स्टीलची ताटली, ताटलीत भात. तिनं भाताचा छोटा गोळा केला, त्याच्या चोचीसमोर धरला आणि मान वाकडी करून विचारलं,

"चोरु वेणो?"

बुधा म्हणाला, "चोर वेणो!" आणि गोळा खाल्ला.

आम्ही फाटकात तशाच उभ्या.  बुधानं आम्हाला पाहिलं आणि खणखणीत "जय भीम!" घातला. ती म्हातारी दचकली. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग बुधाकडे, आणि क्षणात सगळं तिच्या लक्षात आलं असावं. तिनं त्याला छातीशी धरलं आणि खांद्यावरच्या वस्त्रानं झाकून टाकलं.

आतून एक तरुण बाई हात पुसत आली. तिला हिंदी येत होती. नाव शीबा. नवरा तोफखान्यात हवालदार, घर केरळात पालघाटजवळ, आणि या तिच्या सासूबाई, तंकम्मा. गावी एकट्या पडल्या म्हणून मुलानं इकडे आणल्या होत्या.

"यांना इथे कुणाशी बोलताच येत नाही," शीबा म्हणाली. "मी दवाखान्यात कामाला, ते ड्यूटीवर. सकाळी घर रिकामं होतं. मग एक दिवस हा आला, आणि अम्मा त्याच्याशी बोलायला लागल्या. तुमचा आहे का?"

"ते नंतर," वेणूताई म्हणाल्या. "आधी मला सांग, चोर वेणो म्हणजे काय?"

"चोरु म्हणजे भात. वेणो म्हणजे हवा का. भात हवा का, असं विचारतात अम्मा."

"आणि मोने?"

"मोने म्हणजे बाळा. वा म्हणजे ये. वा मोने, ये बाळा."

वेणूताईंनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी वेणूताईंकडे पाहिलं. आणि मग वेणूताई अशा हसायला लागल्या की त्यांना फाटकाचा आधार घ्यावा लागला. "भात! अगं विठा, मला भात हवा का विचारत होता तो! आणि मी जिना उतरून घरी जाऊन रडले गं!" सासूबाई हसता हसता तिथंच जमिनीवर बसल्या. "आन मी म्हणायची, माझ्या भाकरीला वा वा करतोय! तो तर कुणाला बोलवत होता!" रिक्षा लावून मागून आलेला मल्हारीही कारण माहीत नसताना हसत होता.

तंकम्मा मात्र हसत नव्हत्या. वस्त्राखाली बुधाची चुळबुळ चालली होती, आणि त्या शीबाला हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या. सासूबाईंचं तिकडे लक्ष गेलं तशा त्या हसायच्या थांबल्या.

"काय म्हणतात त्या?"

शीबा संकोचली. "विचारताहेत, तुम्ही त्याला घेऊन जायला आलात का."

सासूबाई उठल्या. पायरीपाशी गेल्या आणि तंकम्मांच्या शेजारी बसल्या. बोलायला भाषा नव्हती. त्यांनी ताटलीतला भात चिमटीत घेतला, गोळा केला, तंकम्मांच्या हातात दिला, आणि वस्त्राकडे बोट करून म्हणाल्या, "भरव की. अर्धवट राहिलंय त्याचं."

मग शीबाकडे वळून म्हणाल्या, "पोरी, त्यांना सांग. आमच्याकडं त्याला पिंजरा नाय. तो सकाळी इकडं येतो, दुपारी आमच्याकडं येतो. त्याला दोन घरी जेवण मिळतं तर आम्ही कोण मोडणार? नुसतं एवढं सांग, मिरची लय देऊ नका, त्याचं पोट बिघडतं."

शीबानं सांगितलं. तंकम्मांनी वस्त्र बाजूला केलं. विस्कटलेला बुधा बाहेर आला, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि तंकम्मांच्या मनगटावरून उडी मारून सासूबाईंच्या डोक्यावर जाऊन बसला. तेव्हा कुठे तंकम्मा हसल्या, आणि हसताना त्यांचा समोरचा एक दात नव्हता ते दिसलं.

चहा झाला, खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे काप झाले. सासूबाईंना त्या तेलाचा वास झेपेना, पण त्यांनी बशी संपवली. घरी येताना तंकम्मांनी कापांची आणखी एक पुडी दिली, ती वेणूताईंनी रिक्षातच उघडली.

पुढच्या रविवारी मल्हारी तंकम्मांना आमच्याकडे घेऊन आला. नंतर ते नेहमीचंच झालं. वेणूताईंनी तर मनावरच घेतलं. त्या तंकम्मांना मराठी शिकवतात, फळीवर एकेक वस्तू ठेवून: ताट, वाटी, तवा. तंकम्मांना आमचा ळ पहिल्याच दिवशी जमला, कारण तो त्यांच्या भाषेतही आहे. वेणूताईंनी लगेच जाहीर केलं की एवढी हुशार विद्यार्थिनी त्यांना अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती. बदल्यात तंकम्मांनी सासूबाईंना जाळीदार आप्पम करायला शिकवलं. सासूबाईंचे आप्पम धिरड्यासारखे होतात. तंकम्मा ते खातात आणि "छान" म्हणतात. हा शब्द त्यांना वेणूताईंनी शिकवला, आणि सध्या तो सगळीकडे वापरतात, पाय दुखला तरी.

हिवाळ्यात बुधा अचानक दोन दिवस दोन्ही घरी गेला नाही. सासूबाईंनी तंकम्मांना फोन लावला. एकीला मल्याळम येत नाही, दुसरीला मराठी तोडकीमोडकी, पण दोघी बराच वेळ बोलत होत्या. "बुधा नाय?" "नाय, नाय." "तिकडं पण नाय?" "नाय." तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला, आणि एकटा नव्हता. मागे विजेच्या तारेवर एक मादी बसली होती, बिनकंठीची, संशयी. बुधानं घाईघाईनं शेंगदाणे गिळले, तारेवर गेला आणि तिच्या चोचीत चोच घालून तिला भरवलं.

"लग्न लावून आला!" सासूबाई ओरडल्या. "न सांगता!"

ती काही घरात येईना. कितीही पेरू दाखवा, तारेवरूनच बघायची. त्यांनी संसार थाटला तो तंकम्मांच्या अंगणातल्या आंब्याच्या ढोलीत. मादी आत बसून राहायची आणि बुधा दिवसभर फेऱ्या मारायचा, विहितगावहून कॅम्पला, कॅम्पहून विहितगावला. तो दुप्पट खायला लागला तेव्हा रवीच म्हणाला, "घर चालवायचं म्हणजे असंच असतं." आमच्या घरात तो आता बोलायला थांबत नाही. खातो आणि जातो. सासूबाईंना पहिल्यांदा ते लागलं, मग त्या शेंगदाणे जास्त भाजायला लागल्या.

त्या ढोलीवर साळुंक्यांचाही डोळा होता. म्हणून आंब्याखाली तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मी रविवारी गेले तेव्हा तिघी तिथे बसलेल्या होत्या. तंकम्मांच्या हातात लांब काठी, वेणूताईंच्या मांडीवर मटाराची परात, आणि सासूबाई मान वर करून बसलेल्या.

"संजना, हळू ये," वेणूताई कुजबुजल्या. "आवाज येतोय आतून."

मी थांबले. ढोलीतून बारीक, चिरका, भुकेला आवाज येत होता, एक नाही, दोन किंवा तीन. साळुंकी फांदीवर उतरली तशी तंकम्मांनी काठी आपटली आणि मराठीत म्हणाल्या, "जा! जा इथून!" उच्चार अगदी स्वच्छ होता. वेणूताईंनी मटार सोडून टाळी वाजवली, सासूबाईंनी त्यांना दटावलं की पिल्लं घाबरतील, आणि मी आतल्या खोलीतून चौथी खुर्ची आणायला गेले.